असेंबल्ड की ब्रँडेड? पन्नास वर्षं जुन्या भांडणाची गोष्ट

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे तोंडातून आलं तेच जवळपास ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अं" काढून टाकलेत.

आजच्या भागाची सुरुवात एका मेसेजनं. आपल्या एका श्रोत्यानं लिहिलंय, की ताई, बारावीनंतरच्या सुट्टीत काम करून आणि घरून थोडे घेऊन पंच्याहत्तर हजार जमवलेत. गेमिंग पीसी घ्यायचाय. दुकानात तयार मिळतो तो घेऊ, की एकेक पार्ट आणून स्वतः जोडू? आई म्हणते तयार घे, बिघडला तर कंपनी बघेल. मित्र म्हणतात तयार घेतलास तर येडा आहेस.

आता मी काही टेक रिव्ह्यू करणारी बाई नाही. माझा विषय इतिहास. पण हा मेसेज वाचून मला वाटलं, अरे, हा तर इतिहासाचाच प्रश्न आहे. १९७५ सालापासून लोक याच प्रश्नावर भांडतायत. आणि माझ्या स्वतःच्या घरात या प्रश्नानं एकदा चांगलाच शॉक दिलाय. तेही सांगणार आहे, जरा पुढे.

सगळ्यात आधी किट होतं

आपल्याला वाटतं, आधी तयार कॉम्प्युटर आले असणार आणि मग हौशी लोकांनी ते खोलून स्वतःचे बनवायला सुरुवात केली असणार. झालं बरोब्बर उलट. घरी ठेवता येईल असा कॉम्प्युटर आधी सुट्या भागांच्या रूपात आला.

जानेवारी १९७५. अमेरिकेत पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स नावाचं मासिक होतं, त्याच्या मुखपृष्ठावर एका निळ्या-करड्या डब्याचा फोटो आला. नाव आल्टेअर ८८००. बनवणारी कंपनी एमआयटीएस, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावातली. मालक एड रॉबर्ट्स. त्यांचा कॅल्क्युलेटरचा धंदा बसला होता, डोक्यावर कर्ज होतं, आणि हा शेवटचा डाव होता. गंमत म्हणजे मुखपृष्ठावरचा डबा रिकामा होता! खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेत गहाळ झाला, म्हणून फोटोपुरतं नुसतं खोकं बनवून पाठवलं.

जाहिरातीत दोन भाव होते. किट ४३९ डॉलर. जोडून तयार हवा असेल तर ६२१ डॉलर. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी, पहिल्याच जाहिरातीत आपल्या श्रोत्याचा प्रश्न हजर. जोडून देण्याचे १८२ डॉलर वेगळे. बहुतेकांनी अर्थातच किट मागवलं.

आणि जोडायचा म्हणजे काय? आजच्यासारखं चार स्क्रू आणि दोन वायरी नाही. पिशव्यांमधून चिप, रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच यायचे. कोरा बोर्ड यायचा. हातात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन शेकडो ठिकाणी डाग द्यायचे. एक डाग कच्चा राहिला तर यंत्र मुकं. आणि सगळं बरोबर जमलं तरी समोर काय? ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पुढच्या बाजूला स्विचची रांग आणि लुकलुकणारे लाल दिवे. मेमरी २५६ बाइट. आजच्या काळातला एक लांबलचक व्हॉट्सॅप मेसेजसुद्धा त्यात बसणार नाही.

तरीही रॉबर्ट्स यांनी काही शेंची अपेक्षा धरली होती आणि ऑर्डरी आल्या हजारोंनी. का? कारण तोवर कॉम्प्युटर म्हणजे बँकेचा, विद्यापीठाचा, सरकारचा. काचेच्या खोलीत, एसीत. "माझा" कॉम्प्युटर ही कल्पनाच लोकांना वेड लावून गेली. त्या वेळी स्वतः जोडणं हा शौक कमी आणि मजबुरी जास्त होती. स्वतःचा हवा असेल तर बहुतेकांना परवडणारा एकच रस्ता होता.

त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजमध्ये तीसेक जण जमले. होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पुढच्या महिन्यात स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदानं आपला आल्टेअर आणला, शेजारी एक साधा रेडिओ ठेवला, आणि आल्टेअरमधून निघणाऱ्या विद्युत लहरींच्या खरखरीतून रेडिओवर चक्क बीटल्सचं गाणं वाजवून दाखवलं. लक्षात घ्या, स्वतःच्या हातानं जोडलेल्या कॉम्प्युटरवर माणसानं अगदी सुरुवातीला जे केलं त्यात हिशेब नव्हता. टाइमपास होता. गेमिंग पीसी मागणाऱ्या मुलांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तयार माल मागणारा माणूस

त्या क्लबमध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक यायचा. तो आपल्या डिझाइनचे नकाशे क्लबात फुकट वाटायचा: घ्या, घरी जा, जोडा. त्याच्या मित्राच्या, स्टीव्ह जॉब्सच्या डोक्यात आलं, की लोकांना छापलेला कोरा बोर्ड विकू, पार्ट त्यांचे ते लावतील.

आणि इथे गोष्टीत एक दुकानदार येतो. पॉल टेरेल, माउंटन व्ह्यूमधल्या बाइट शॉपचा मालक. जॉब्स त्याच्याकडे गेला, तेव्हा टेरेल म्हणाला की कोरे बोर्ड मला नकोत. पन्नास घेतो, प्रत्येकी ५०० डॉलर देतो, पण जोडून, चालू स्थितीत पाहिजेत. कारण त्यानं काउंटरमागून रोज बघितलं होतं, की गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर हवा असतो, पण सोल्डरिंग प्रत्येकाला जमत नाही.

१९७६ चा हा सौदा. ॲपल-१. दुकानात किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. पण टेरेलला मिळाले ते फक्त जोडलेले बोर्ड. खोकं, कीबोर्ड, वीजपुरवठा ज्याचा त्यानं बघायचा. म्हणजे अर्धा तयार, अर्धा असेंबल्ड! आपल्याकडे "रेडी टू कुक" मिळतं ना, तसं.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, तीन पूर्ण तयार कॉम्प्युटर बाजारात आले: ॲपल-२, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०. खोक्यातून काढा, प्लग लावा, चालू करा. दोन वर्षांत किटचं राज्य संपत आलं.

याच ॲपल-२ वरून दोन्ही स्टीव्हमध्ये झालेलं भांडण प्रसिद्ध आहे. वॉझ्नियाकला मशीनच्या आत आठ स्लॉट हवे होते, म्हणजे पुढे कुणालाही आपापली कार्डं खोचता यावीत. जॉब्सचं म्हणणं, दोन पुरे, एक प्रिंटरला, एक मोडेमला. तेव्हा वॉझ्नियाक जिंकला. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये जॉब्स जिंकला: एकही स्लॉट नाही, खोकं बंद. आज तुमच्या खिशात जो फोन आहे तो जॉब्सच्या बाजूचा. आणि टेबलावरचा गेमिंग पीसी वॉझ्नियाकच्या बाजूचा.

इकडे इंग्लंडमध्ये मात्र किट आणखी थोडं टिकलं. १९८१ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स८१ आला. किट ४९ पौंड ९५ पेन्स, तयार ६९ पौंड ९५ पेन्स. बरोब्बर वीस पौंडांचा फरक. कामाची किंमत इतकी उघडी मांडलेली मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. तुमची संध्याकाळ, तुमची कटकट, तुमची चूक झाली तर होणारं नुकसान, या सगळ्याची किंमत वीस पौंड. आता बोला, घेता की जोडता?

आयबीएमनं दार उघडं ठेवलं, मग लावायला गेली

मग आपण ज्याला "पीसी" म्हणतो तो आला कुठून? १२ ऑगस्ट १९८१, आयबीएम पीसी. आयबीएम ही एरवी सगळं स्वतः बनवणारी, अवाढव्य कंपनी. पण या वेळी घाई होती, म्हणून त्यांनी बाजारातलेच भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. आत पाच स्लॉट. आणि आतल्या सर्किटचे नकाशे असलेलं पुस्तक चक्क विकायला ठेवलं, म्हणजे इतर कंपन्यांना कार्डं बनवता येतील.

आयबीएमच्या हातात खास आपलं असं एकच कुलूप राहिलं होतं: बायोस. मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा छोटा प्रोग्राम. तो कॉपी केला तर कोर्टात खेचणार. मग कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीनं युक्ती केली. एका गटानं आयबीएमचा बायोस नेमकं काय करतो तेवढं लिहून काढलं. दुसऱ्या गटानं, ज्यातल्या कुणी तो मूळ कोड पाहिलाच नव्हता, त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. कायद्यानं साफ. १९८३ या पहिल्याच वर्षी कॉम्पॅकनं ५३ हजार मशीन विकली, ११ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीनं असाच बायोस बनवला आणि तो कुणालाही विकायला काढला. कुलूपच गेलं.

आता आयबीएमला चूक कळली. १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ नावाची नवी मालिका आणली. आतले स्लॉट नव्या पद्धतीचे. वापरायचे तर आयबीएमकडून परवाना घ्या, पैसे भरा. जुनी कार्डं बसणार नाहीत. त्यावर कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि १९८८ मध्ये त्यांनी आपली वेगळी, जुनी कार्डं चालतील अशी पद्धत जाहीर केली. पत्रकारांनी त्यांना "नऊ जणांची टोळी" असं नाव दिलं. त्यांची ती पद्धत घरोघरी फार चालली नाही, पण आयबीएमचा डाव फसला. दार उघडंच राहिलं.

मी हे एवढं का सांगतेय? कारण आज तुम्ही एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची रॅम, तिसरीचं कॅबिनेट आणून जोडू शकता, हे आपोआप झालेलं नाही. ते एकदा कोर्टाच्या भीतीला वळसा घालून मिळालंय, आणि एकदा बाजारात लढून टिकवलंय.

सोल्डरिंग गेलं, स्क्रू ड्रायव्हर आला

१९८० च्या दशकाच्या शेवटी तैवानमध्ये मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. एमएसआय आणि गिगाबाइट १९८६, असुस १९८९. त्या जोडलेला, तपासलेला बोर्ड विकायच्या. म्हणजे "कॉम्प्युटर बनवणं" या शब्दाचा अर्थच बदलला. १९७५ मध्ये बनवणं म्हणजे डाग देणं. १९९० मध्ये बनवणं म्हणजे निवडणं आणि बसवणं.

तरी धोका होताच. जुन्या एटी पद्धतीच्या बोर्डांना वीज देणारे दोन वेगवेगळे प्लग असायचे. ते अदलाबदल होऊन बसू शकायचे, आणि उलटे बसले की बोर्ड खलास. म्हणून जोडणाऱ्यांचा एक मंत्र असायचा: काळ्याला काळी. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं मानक आणलं. एकच प्लग, तोही उलटा बसणार नाही असा. स्क्रूची भोकं कुठे, मागची पोर्टं कुठे, सगळं ठरलेलं. आजही तुमच्या कॅबिनेटवर एटीएक्स लिहिलेलं असतं ते हेच. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी भोकांच्या जागा ठरवल्या, म्हणून आज अठरा वर्षांचं पोर यूट्यूब बघून पीसी जोडू शकतं.

लॅमिंग्टन रोड

आता आपल्या गल्लीत येऊ. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला डॉ. भडकमकर मार्ग आहे. या नावानं पत्ता विचारलात तर लोक विचारात पडतील. लॅमिंग्टन रोड म्हणा, लगेच बोट दाखवतील. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव. एके काळी हा रस्ता सिनेमाचा. इथल्या मिनर्व्हात "शोले" पाच वर्षांहून जास्त चालला. आणि शोले कधीचा? १९७५. आल्टेअरच्याच वर्षाचा! त्याच रस्त्यावर रेडिओचे, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळायचे, आणि पुढे त्याच दुकानांत कॉम्प्युटरचे पार्ट आले. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड, ही सगळी याच घराण्यातली.

आपल्याकडे शब्दही वेगळे झाले, बघा. अमेरिकेत लोक विचारतात, बनवू की विकत घेऊ? आपण विचारायचो, असेंबल्ड की ब्रँडेड? वरवर तोच प्रश्न वाटतो. पण अमेरिकेतला बनवणारा स्वतः बनवायचा. आपला असेंबल्ड पीसी बनवायचा दुकानदार. आपण फक्त कोटेशनचा कागद घेऊन पाच दुकानं फिरायचो आणि घासाघीस करायचो.

असेंबल्ड इतका चालला कारण ब्रँडेड सर्वसामान्य घराला परवडतच नव्हता. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली होती. १९८४ च्या संगणक धोरणानं आयातीच्या गाठी थोड्या सैल केल्या. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि पुढच्या काही वर्षांत पार्टवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत गेलं. भाग स्वस्त झाले, पण कंपनीचा शिक्का लागला की भाव चढायचाच. शिवाय खरं बोलायचं तर असेंबल्डवर विंडोज "टाकून" मिळायचं. त्याचे पैसे कुणी मोजत नव्हतं.

आता माझी गोष्ट. २००४ साल, डोंबिवली. बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं, कारण दादाला डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर हवा होता. दादाला खरं तर व्हाइस सिटी खेळायचं होतं, पण ते बाबांना सांगायचं नव्हतं. आम्ही तिघं लोकलनं गेलो. एका दुकानदारानं साडेसव्वीस हजारांत सगळं बसवून देतो म्हटलं. बाबांनी विचारलं, "शेठ, सगळं चांगल्या कंपनीचं ना?" शेठ म्हणाले, "साहेब, एक नंबर." बिल कच्चं. पक्कं हवं तर टॅक्स वेगळा. आम्ही कच्चं घेतलं.

पाच महिन्यांनी एका संध्याकाळी कॅबिनेटमधून फट् आवाज आला आणि जळका वास. एसएमपीएस उडाला होता, आणि जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला होता. दादाचं प्रोजेक्ट त्याच डिस्कवर. सबमिशन आठवड्यावर. दुकानात गेलो तर शेठ म्हणाले, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, त्याची वॉरंटी नसते. मदरबोर्डची असते, पण बिल दाखवा. कच्च्या बिलावर नुसतं लिहिलं होतं, "कॉम्प्युटर १ नग."

दादानं सात रात्री जागून प्रोजेक्ट पुन्हा टाइप केलं, मित्राच्या घरी. बाबांनी पतपेढीचे हप्ते पुढची दोन वर्षं भरले, त्यातलं वर्षभर तो कॉम्प्युटर कपड्यानं झाकून कोपऱ्यात पडून होता. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. मला अजून आठवतं, ते कॅबिनेट आम्ही पहिल्यांदा उघडलं ते बिघडल्यावर. आत एक हलकाफुलका पत्र्याचा डबा होता. हातात घेतल्यावरच कळलं, की यात फारसं काही नाहीच.

तेव्हा आम्हाला वाटलं, असेंबल्ड घेतलं ही चूक. ब्रँडेड घ्यायला हवा होता. आज इतिहास वाचून मला वाटतं की आमची चूक दुसरीच होती. आमच्यासाठी तो कॉम्प्युटर तयार मालच होता. जोडला शेठनं, पैसे दिले आम्ही, आणि आत काय आहे ते फक्त शेठना माहीत होतं.

गेम आले आणि भांडण पेटलं

गेमिंग यात कधी आलं? १९९३ मध्ये डूम, १९९६ मध्ये क्वेक. आणि १९९६ च्या शेवटी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड. हे कार्ड फक्त थ्रीडी दाखवायचं. साधं चित्र दाखवायला आधीचं कार्ड लागायचंच, आणि दोघांना मागच्या बाजूनं एका वायरनं जोडायचं. ऑफिससाठी बनवलेल्या तयार मशीनमध्ये असलं काही नसायचं. त्यामुळे गेम खेळायचा म्हणजे खोकं उघडायचं, हे समीकरण बसलं.

१९९८ मध्ये इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए आला. वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण बोर्डावरची एक सेटिंग ६६ वरून १०० केली, की तोच ४५० वर धावायचा, आणि बहुतेकदा धड चालायचा. दीडपट वेग, फुकट! कुठलीही कंपनी वॉरंटी देऊन असं करून देणार नव्हती. स्वतः जोडणाऱ्यांची कॉलर तेव्हापासून ताठ झाली ती आजतागायत.

पण गेमरमध्येही सोल्डरिंग न येणारे, वेळ नसणारे होतेच. पॉल टेरेलची गिऱ्हाइकं पुन्हा आली म्हणा ना. १९९६ मध्ये मायामीत दोन मित्रांनी एलियनवेअर सुरू केली, खास गेमिंगचे तयार पीसी. त्याआधी १९९१ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत राहुल सूद यांनी व्हूडूपीसी काढली होती. दोन्ही कंपन्या २००६ मध्ये मोठ्यांनी गिळल्या. एलियनवेअर डेलनं, व्हूडूपीसी एचपीनं. गंमत बघा, डेलची सुरुवातसुद्धा १९८४ मध्ये मायकेल डेलनं टेक्ससमधल्या हॉस्टेलच्या खोलीत पीसी जोडून विकण्यातून झालेली. आजचा ब्रँडेड हा कालचा असेंबल्डवालाच असतो.

आणि पारडं फिरलं

अनेक वर्षं सरळ हिशेब होता: स्वतः जोडलं की स्वस्त. २०२० मध्ये तो उलटा झाला. लॉकडाउनमुळे मागणी वाढली, चिप कमी पडल्या, आणि इथेरियमचं मायनिंग करणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं पोत्यानं उचलली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेलं आरटीएक्स ३०८० पुढे दुप्पट भावात विकलं जात होतं. तेव्हा लोक नाइलाजानं तयार पीसी घ्यायला लागले, कारण मोठ्या कंपन्यांकडे कार्डांचा साठा होता. काहींनी तर तयार पीसी घेऊन आतलं कार्ड काढलं आणि बाकीचं विकून टाकलं! १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं पद्धत बदलली, मायनिंग थांबलं, कार्डं स्वस्त झाली.

आता तसंच काहीसं रॅमचं झालंय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागतेय, की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. १९७५ मध्ये एड रॉबर्ट्सनाही हेच गणित लागू होतं. इंटेलची ८०८० चिप सुटी घेतली तर ३६० डॉलर, त्यांना घाऊक मिळाली ७५ ला. जेव्हा माल टंचाईत असतो, तेव्हा घाऊक घेणारा जिंकतो. जेव्हा माल मुबलक असतो, तेव्हा सुटं घेणारा.

तर मग, भावा, तुझ्यासाठी

आपल्या श्रोत्याला माझं उत्तर. दोन्ही बाजूंचे भाव एकाच दिवशी काढ. गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नकोस, पार्टचे भाव महिन्यात बदलतायत. फरक हा झेडएक्स८१ च्या वीस पौंडांसारखा समज. तेवढ्या पैशांत कुणी तुझी जोखीम घेत असेल तर विचार करण्यासारखं आहे.

तयार घेणार असशील तर खोक्यावर जे लिहिलेलं नाही ते विचार. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मोठ्या अक्षरांत असतं. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, किती वॉटचा, मॉडेल कोणतं? मदरबोर्ड एटीएक्स घराण्यातला आहे का कंपनीचा खास आकार? रॅमची एक पट्टी आहे की दोन? पैसे वाचवले जातात ते अशा न लिहिलेल्या जागी. एका मोठ्या अमेरिकन कंपनीनं १९९८ पासून काही वर्षं दिसायला एटीएक्ससारखाच प्लग दिला, पण आतल्या वायरी वेगळ्या क्रमानं. बाहेरचा एसएमपीएस लावला की बोर्ड जळायचा. आजही काही तयार मशीनमध्ये आकारच असा असतो, की पुढे फक्त त्याच कंपनीचा पार्ट बसतो. ते मशीन तू घेतलंस तरी दार मात्र बंदच.

स्वतः जोडणार असशील तर प्रत्येक पार्टचं पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. आणि वॉरंटी सहा वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तेव्हा काय बिघडलंय ते आधी तुलाच शोधावं लागेल. आई म्हणते त्यात तथ्य आहे. रात्री अकराला स्क्रीन काळी पडली तर फोन कुणाला करायचा, हा प्रश्न तिनं बरोबर विचारलाय.

काहीही घे, पण पहिल्याच आठवड्यात बाजूचं झाकण उघडून आत बघ. आधी विचारून घे की त्यानं वॉरंटी जात नाही ना, प्लग काढ, मग उघड. आईलाही बोलाव. हे काय, ते काय, तिला दाखव. आमच्या घरात आत काय आहे ते बिघडल्यावर कळलं, म्हणून सांगतेय.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर ऐकताय किंवा वाचताय. सुटे भाग बदलता येतील असा फोन बनवायचाही प्रयत्न झाला होता, गूगलचा प्रोजेक्ट आरा. २०१६ मध्ये तो बंद केला. म्हणजे घरात उरलेलं, आपल्याला खोलता येईल असं जवळपास शेवटचं कॉम्प्युटर म्हणजे हा टेबलावरचा डबा.

दादाला हा भाग आधी ऐकवला. तो आता स्वतःचे पीसी स्वतः जोडतो, आणि सगळ्यात आधी एसएमपीएस विकत घेतो. बाकीचं नंतर. मी विचारलं, व्हाइस सिटीबद्दल बाबांना कधी सांगणार? म्हणाला, भाग पब्लिश झाला की कळेलच.

बाबा, कळलं ना? चला, भेटू पुढच्या भागात.